मेलेल्या हेराची गाडी

माझ्या बाबांना कारखान्यात सगळे चासीकाका म्हणायचे. फाटकातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीचा चासी नंबर, इंजिन नंबर आणि रंग वहीत नोंदवायचा, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं त्यांनी ते केलं. कारखान्यात एकाच जातीची गाडी बनायची. चार दारांची, गोल दिव्यांची, समोरून पाहिली तर जराशी रुसलेली. तिची दारं कुठल्या वर्षापर्यंत उलटी उघडायची, गिअरचा दांडा जमिनीवरून स्टिअरिंगपाशी कधी आला आणि कोणाच्या हट्टापायी आला, सगळं बाबांना तोंडपाठ. फक्त चालवता येत नव्हती. आमच्याकडे सायकल होती.

कारखाना बंद पडला आणि बाबांनी त्या गाडीचा इतिहास लिहायला घेतला. चार जाड वह्या भरल्या. प्रकाशकांनी त्या चाळल्या, चहा पाजला आणि म्हणाले, "काका, हे तुमच्याशिवाय कोण वाचणार? हात चांगला आहे तुमचा. काही गमतीचं लिहा. भुतं, हेरगिरी, असलं."

बाबा तोंड पाडून घरी आले. तिसऱ्या दिवशी रागारागानेच लिहायला बसले आणि महिन्याभरात पहिली कादंबरी हातावेगळी केली. तिच्यातला गुप्तहेर पहिल्याच प्रकरणात मरतो. पण हेरखात्यात मेलेल्या माणसाला कामावरून कमी करण्याचा अर्जच नसतो. साहेब म्हणतात, "अर्ज छापून येईपर्यंत रोज हजर राहा." मग तो भूत होऊनच कामगिरीवर जातो. भिंतीतून आरपार जातो, पण त्याची गाडी जात नाही, म्हणून प्रत्येक पाठलागात त्याला वळसा घालून यावं लागतं. गाडी अर्थातच आमच्याच कारखान्यातली, पहिल्या वर्षीची. इतिहासाच्या वह्यांमधलं जे कोणी छापलं नाही, ते बाबांनी असं चोरून कादंबरीत घातलं.

पुस्तकं धडाक्यात खपली. बाबांना त्याची लाजच वाटायची. आईला नाही. आई घरी शिवणकाम करायची. ती मशीनवर बसली की बाबा तिला नवं प्रकरण वाचून दाखवायचे. ती हसली तर ठेवायचे, नाहीतर फाडायचे.

"टाचण्या तोंडात असताना हसू नकोस," बाबा ओरडायचे.

"मग तुम्ही असलं वाचू नका," ती टाचण्या सांभाळत म्हणायची.

सात पुस्तकं अशी झाली. आठव्याच्या मध्यावर आईच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. दवाखान्यात बाबा कागद घेऊनच जायचे. एका दुपारी त्यांनी तिला नवं प्रकरण वाचून दाखवलं. हेराला बढती मिळते, पण नव्या पदासाठी डॉक्टरकडून तब्येतीचा दाखला आणायचा असतो. आई डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हसले असते हो, पण दम लागतो. समासात लिहून ठेवा, इथं हसली म्हणून."

बाबांनी खरंच लिहिलं. तो कागद मी पाहिला आहे. नऊ दिवसांनी आई गेली.

पुढचं प्रकरण काही झालं नाही. प्रकाशक दोनदा घरी आले. दुसऱ्या खेपेला जरा चिडूनच म्हणाले, "काका, वाचक खोळंबलेत. अर्धं तर तयारच आहे."

बाबा म्हणाले, "मेलेला माणूस परत येतो आणि विनोद करतो, असं मी सात पुस्तकांत लिहिलं. आमच्याकडे कोणी आलं नाही हो. मी वाट पाहिली."

प्रकाशक उठून गेले. वर्षभराने आठवं पुस्तक दुकानात आलं. बाबांच्याच नावाने, पण लिहिलेलं दुसऱ्याच कोणीतरी. बाबांनी ते विकत घेतलं आणि उभ्या उभ्या चाळलं. त्यात हेर गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी ओढत होता. "पहिल्या वर्षीच्या गाडीत तो जमिनीवर होता," एवढंच पत्र बाबांनी पाठवलं. नाव वापरल्याबद्दल चकार शब्द नाही. उत्तर आलं: वाचकांना काही फरक पडत नाही. तेव्हापासून बाबांनी पेन हातात धरलं ते फक्त सहीपुरतं.

मग एके दिवशी एक दंतवैद्य पत्ता शोधत आले. त्यांनी कुठूनतरी मोडकळीला आलेली ती गाडी मिळवली होती आणि सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करत होते. हातात बाबांची तिसरी कादंबरी, तेलाने काळी झालेली.

"तुमचं भूत बाविसाव्या पानावर क्लच जुळवतं," ते म्हणाले. "तसंच केलं, आणि जमलं! आता ब्रेकचं सांगा."

आईनंतर पहिल्यांदाच बाबा न जेवता चार तास बोलत राहिले. पुढे सात-आठ महिने ते दर आठवड्याला दंतवैद्यांच्या शेडमध्ये जात. गाडी सुरू झाली त्या दिवशी मीही होते. बाबा मागच्या सीटवर बसले. हजारो गाड्या त्यांनी फाटकातून बाहेर सोडल्या होत्या, पण त्यातल्या एकीतही बसले नव्हते. दोन गल्ल्या पुढे जाताच त्यांनी दंतवैद्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबवा."

"का? काही चुकलं?"

"नाही. आवाज बरोबर आहे." ते माझ्याकडे वळले. "तुझ्या आईला या गाडीत बसायची केवढी हौस होती गं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, आणि मी विचारलं नाही."

ते खाली उतरले आणि पायी घरी आले. मी मागे मागे चालत होते. शेडमध्ये ते पुन्हा गेले नाहीत. पुढच्या वर्षी न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि तेही गेले.

इतिहासाच्या चारही वह्या मी दंतवैद्यांना दिल्या. पानांवर त्यांच्या बोटांचे काळे ठसे उमटलेत, पण वह्या वापरात आहेत. बाबांच्या नावाच्या कादंबऱ्याही अजून निघतात. एवढ्यात मी त्यातली एक वाचली. दोन ठिकाणी मला हसू आलं, आणि त्याचा मला दिवसभर राग येत राहिला.