दोघांचा राजीनामा

माझ्या हिंदीचा मला फार गर्व होता. शाळेत असताना मी हिंदीच्या झाडून सगळ्या परीक्षा दिल्या होत्या, आणि लग्न होऊन दिल्लीला आल्यावर करोल बागेतल्या भाजीवाल्याशीसुद्धा मी 'कृपया' लावून बोलत असे. तो मला दोन मिरच्या जास्त घाली. माझ्या शुद्ध बोलण्यावर तो खूश आहे, असं मी समजत होते. "अगं, दया येते त्याला तुझी," नवरा म्हणायचा.

पण त्याच हिंदीच्या जोरावर मला नोकरी लागली. फरीदाबादच्या पुढे एका विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय होतं. तिथून दर तीन महिन्यांनी एक वार्तापत्र निघायचं, अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हिंदीत. हिंदी अर्धं माझ्याकडे आलं. कोण रुजू झालं, कोण निवृत्त झालं, कोणत्या विद्यार्थ्याला पदक मिळालं, कोणाचं संशोधन कुठं छापून आलं, असा सगळा मजकूर. गाई-म्हशींतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. दिल्लीतल्या दुधाच्या बूथवर टोकन टाकलं की नळातून दूध येतं, एवढंच माझं ज्ञान. तरी मला ते काम मनापासून आवडायला लागलं. विद्यापीठाच्या बसमधून उतरलं की आधी गोठ्यांचा वास यायचा, मग चहाचा, आणि मला वाटायचं, ही जागा आपली आहे.

आपली म्हणजे, अजून झालेली नव्हती. मी एक वर्षाच्या बोलीवर होते. वर्षअखेरीला मला कायम करण्याच्या कागदावर वार्तापत्र समितीच्या दोन प्राध्यापकांनी सही केली की काम फत्ते. नाही केली तर घरी. आणि घोडं अडलं ते तिथंच, कारण ते दोन प्राध्यापक सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि दुसऱ्याने आधी सही केल्याशिवाय दोघांपैकी कोणीच कुठल्या कागदावर सही करत नव्हतं.

एक शल्यचिकित्सेचे. मूळचे पानिपतचे, उंच, तिरसट, हातात कायम लाल पेन्सिल. दुसरे पशुआहाराचे, डेअरी फार्मही त्यांच्याच ताब्यात. हे बुटके आणि गोल, पण तितकेच हट्टी. भांडणाचं मूळ होतं एक तार. फार्मवरच्या सगळ्यात दुधाळ म्हशीच्या पोटातून शल्यवाल्यांनी एक बोटभर गंजकी तार काढली आणि म्हैस वाचवली. इथवर ठीक. पण त्यांनी ती तार काचेच्या बरणीत घालून विभागाच्या कपाटात मांडली आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'हमारे फ़ार्म के चारे से प्राप्त.' येणारा प्रत्येक पाहुणा ती वाचायचा. फार्मवाल्यांचं म्हणणं, तार बाहेरून विकत घेतलेल्या भुशातून आली. चिठ्ठी बदला. शल्यवाल्यांनी चिठ्ठी बदलली नाही. म्हशीच्या पारड्यांवरचं दोघांनी मिळून करायचं कामही तेव्हापासून फडताळात पडून होतं.

माझा कागद दोन महिने शल्यवाल्यांच्या खणात होता. विचारलं की एकच उत्तर, "पहले वे करें." फार्मवर जावं तर तिथंही तेच, "पहले वे." घरी नवरा हसायचा. "पानिपतच्या माणसाशी गाठ आहे तुझी. मराठ्यांनी तिथं जरा जपूनच जावं." मला हसू येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाची पाटी असलेलं टेबल मला मिळालं होतं, आणि ते एका गंजक्या तारेपायी जाणार, या विचाराने मी रडकुंडीला आले होते.

अशात एका सोमवारी मी अंकाच्या शेवटच्या बातम्या गोळा करायला फार्मवर फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी मजकूर छापखान्यात जायचा होता. फोन उचलला तो ताऊंनी. ताऊ म्हणजे फार्मवरचे सगळ्यात जुने पशुसेवक. गाव हरियाणातलं, मिशा पांढऱ्या, आणि सगळं कॉलेज त्यांना ताऊच, म्हणजे थोरले काका, म्हणायचं. लाइनीत खरखर होती.

"ताऊजी, कोई समाचार?"

"समाचार तो बड़ा है, बेटी. लिख ले. दोनों साहब का राजीनामा हो गया."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. "दोनों का?"

"हाँ जी, दोनों का. कल. मेरे सामने हुआ."

"पर क्यों?"

"भैंस के पीछे," ताऊ म्हणाले, आणि लाइन तुटली ती पुन्हा लागेचना.

मी पळत शल्यविभागात गेले. दाराला कुलूप. आहारविभागात गेले, तिथंही कुलूप. डीन रजेवर. आमच्या हेडक्लार्कना विचारलं, दोघांचा राजीनामा झाला म्हणतात, खरं का? ते पान लावत म्हणाले, "सुना तो हमने भी है. अच्छा ही हुआ, रोज़ का झंझट ख़त्म." इतका थंडपणा पाहून मला त्यांचा रागच आला.

आधी मला माझ्याच कागदाचं दुःख झालं, हे कबूल करते. सही करणारेच गेले, आता मी कोणाच्या दारात उभी राहू? पण बसून विचार करता करता त्या दोघांबद्दलच वाईट वाटायला लागलं. एका म्हशीवरून इतकी वर्षांची नोकरी सोडून जाणारी माणसं, आणि जाताना त्यांच्याबद्दल कोणी चार ओळी लिहू नयेत? मी ठरवलं, निरोप द्यायचा तर नीट द्यायचा.

बातमी अंकातूनच फुटावी असा मोह मला होताच. म्हणून कारण न सांगता मी विद्यार्थ्यांना गाठलं. आपल्या सरांची एकेक आठवण सांगा म्हटलं. शेवटच्या वर्षाच्या मुलीने सांगितलं, शल्यवाले सर सुरी हातात घेण्याआधी जनावराच्या कानाशी वाकून "माफ़ करना" म्हणतात, आणि आम्हालाही म्हणायला लावतात. दुसऱ्याने सांगितलं, फार्मवाले सर नवीन पेंड आली की आधी स्वतः चिमूटभर चावून बघतात, मगच म्हशींना घालू देतात. आणि मी सहीसाठी खेटे घालत होते तेव्हा या दोघांनी एकमेकांबद्दल तणतणत जे म्हटलं होतं, तेही मला आठवलं. फार्मवाले म्हणाले होते, "हाथ सोने के हैं उसके, बस ज़बान तार की है." शल्यवाले म्हणाले होते, "उसकी भैंस मेज़ पर आए तो मेरा आधा काम बच जाता है, इतनी अच्छी पली होती है." मी ते दोन्ही तसंच्या तसं घातलं, कोण कोणाबद्दल म्हणालं त्यासकट.

आता बातमी. 'राजीनामा हो गया' हे मला अगदीच गावठी वाटलं. राजीनामा कधी होतो का, राजीनामा देतात. शिवाय तो शब्द आपला मराठी, यांच्या शुद्ध हिंदीत त्याला 'त्यागपत्र' म्हणतात, हे मला परीक्षेत शिकवलं होतं. मी ताऊंची भाषा सुधारली आणि लिहिलं: 'दोनों वरिष्ठ प्राध्यापकों ने त्यागपत्र दे दिया है. महाविद्यालय उनका सदा ऋणी रहेगा.'

बुधवारी सकाळीच अंक वाटला गेला आणि तासाभरात कॉलेजात एकच गोंधळ उडाला. विद्यार्थी हार घेऊन शल्यविभागाकडे निघाले. फार्मवर एक पशुसेवक डोळे पुसत होता. विद्यापीठाच्या कचेरीतून विचारणा आली की त्यागपत्रं कुठं आहेत, आमच्याकडे तर आलेली नाहीत. मला शल्यविभागातून बोलावणं आलं.

आत दोघे शेजारी शेजारी बसले होते. शेजारी. मधे माझा अंक उघडा. दाराशी ताऊ उभे.

"मैडम," शल्यवाले म्हणाले, "हमने इस्तीफ़ा कब दिया?"

"ताऊजी ने कहा था, सर. राजीनामा हो गया."

"हाँ, तो हो गया," ताऊ म्हणाले. "मैंने झूठ थोड़ी कहा."

मग मला कळलं. रविवारी सकाळी फार्मवरची एक म्हैस अडली होती. पारडीची मान आत मागे वळलेली. फार्मवाल्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा शल्यवाल्यांच्या घरी माणूस पाठवला, आणि ते पायातल्या घरातल्या चपलांनिशी आले. एकाने आत हात घालून मान सरळ केली, दुसऱ्याने पाय धरले, आणि पारडी जिवंत बाहेर आली. मग शेणामातीने भरलेले दोघे एकाच चारपाईवर चहा पीत बसले. ताऊंच्या गावात भांडणारे दोन पक्ष समेट करतात, दोघेही राजी होतात, त्या समेटाला राजीनामा म्हणतात. सोमवारी दोघांच्या दारांना कुलूप होतं, कारण दोघे मिळून ती पारडी बघायला गेले होते.

म्हणजे ताऊंनी दिलेली बातमी शब्दन् शब्द खरी होती. ती सुधारून मीच खोटी केली होती.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तशी शक्यता दिसेना, तेव्हा मी जागेवर गेले, माझा स्वतःचा राजीनामा लिहिला, अर्थात शुद्ध हिंदीत, वर 'त्यागपत्र' असं ठळक, आणि आणून त्यांच्यापुढे ठेवला. मनात म्हटलं, निदान एक तरी त्यागपत्र या अंकातलं खरं ठरू दे.

शल्यवाल्यांनी तो वाचला नाही. अंकावरच बोट ठेवून त्यांनी शेजारी पाहिलं. "ज़बान तार की है? तुमने कहा?"

"कहा," फार्मवाले म्हणाले. "सोने वाली बात भी तो मैंने ही कही. वह भी पढ़."

शल्यवाले बराच वेळ वाचत राहिले. मग चष्मा काढून पुसला. "सहा वर्षं" असं काहीतरी हिंदीत पुटपुटले आणि एकदम हसायला लागले. त्यांना हसताना मी तोवर पाहिलंच नव्हतं. फार्मवाल्यांचं गोल पोट हलायला लागलं. ताऊ हसत नव्हते. ते गंभीरपणे मला म्हणाले, "बेटी, तेरी लिखाई अच्छी है. बस सुना कम कर, पूछा ज़्यादा कर."

शल्यवाल्यांनी लाल पेन्सिल उचलली, माझ्या कागदावरचं 'त्यागपत्र' खोडलं आणि वर लिहिलं, 'राज़ीनामा'. खाली सही केली. कागद शेजारी सरकवला. फार्मवाल्यांनी तिच्याखाली सही केली. मग शल्यवाल्यांनी खण उघडून माझा दुसरा कागद काढला, तो कायम करण्याचा, आणि त्याच्यावरही दोघांनी सह्या केल्या.

"मैं पानिपत का हूँ," शल्यवाले म्हणाले, "पर हर बार मराठों को हराना ज़रूरी नहीं."

मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहून रडले. आनंदाने. हार घेऊन आलेल्या मुलांना वाटलं, मॅडमना सरांच्या जाण्याचं दुःख झालंय, आणि त्यांनी एक हार माझ्याच गळ्यात घातला.

त्या तारेची बरणी अजून तिथल्या कपाटात आहे. चिठ्ठी मात्र बदलली, आणि ती लिहायचं काम त्यांनी मला दिलं. या वेळी मी आधी ताऊंना वाचून दाखवली.