वरची नको, मधली काढा

सोलापूर स्टेशनवर मी बायकांच्या डब्यात बसले तेव्हा अप्पा खिडकीशी उभे राहून अख्ख्या फलाटाला माझे मार्क ऐकवत होते. "इंग्लिशला अठ्ठ्याण्णव, गणिताला एकेचाळीस! पस्तीसला पास असतंय की!"

ते मार्क नव्हते, पर्सेंटाइल होतं. म्हणजे प्रवेश परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतले एकेचाळीस माझ्या खाली, बाकीचे डोक्यावर. मी मुलाखतीला निघाले होते ते मुंबईचं मॅनेजमेंट कॉलेज इंग्लिश-गणिताचे दोन्ही सेक्शन वेगवेगळे बघतं आणि असं गणित असलेल्यांना बहुतेक मुलाखतीतून परत पाठवतं, हे मला ठाऊक होतं. पण गल्लीत पेढे वाटून झाले होते. मी गप्प बसले. त्यात मला कायम शंभर मिळतात. अव्वानं, म्हणजे आईनं, 'सेक्शन' एवढंच ऐकलं होतं. गाडी हलताना ती म्हणाली, "ए सेक्शनच माग बघ. बी मदी टवाळ पोरं असतेत."

मुलाखतीला तिघे साहेब होते. एकानं चष्म्यावरून पाहिलं. "इंग्रजी इतकं वर आणि गणित मध्येच कुठंतरी. तुम्हाला का घ्यावं?"

कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी घोटून घेतलेलं इंग्रजी ऐनवेळी पळालं. डोळ्यांपुढे राहिली ती अप्पांच्या दुकानातली चादरींची थप्पी.

"सर, आमच्या दुकानात सगळ्यात वरची चादर कुणी घेत नाही. तिच्यावर धूळ बसते, येणारा-जाणारा हात लावतो. गिऱ्हाईक म्हणतं, वरची नको, मधली काढा."

चष्मेवाल्यांनी विचारलं, "आणि वरचीचं काय करता?"

"घरी वापरतो, सर."

ते हसले ते हसलेच. पटलं म्हणून घेतलं की हसू आलं म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही.

आता मी होस्टेलवर राहते. मेसमध्ये टोस्ट खाते, 'केस स्टडी' म्हणते. अंगावर मात्र अप्पांनी बांधून दिलेली चादर, घडीच्या रेघेवर उन्हानं विटलेली. वरचीच.

पहिल्या टर्मचा निकाल लागला आणि अप्पांचा ट्रंक कॉल आला. गणिताचं मी काही सांगायच्या आतच ते ओरडले, "पास हाय न्हवं?"

"हाय की!" मीही ओरडले.

कॉरिडॉरमधल्या मुलींना वाटलं, मी कुणाला तरी इंग्रजीत 'हाय' करतेय. त्यांनी लाजत-लाजत हात हलवले. मीही हलवला. तो 'हाय' सोलापूरचा हाय, एवढं सगळ्यांना कशाला सांगायचं?