लाल फितीतलं शेवटचं प्रकरण

वकिलांच्या खोलीत किस्से साठतात ते रिकाम्या वेळामुळे. पक्षकार पुढची तारीख घेऊन गावी जातो, साक्षीदार आलेलाच नसतो, मॅजिस्ट्रेटसाहेब दौऱ्यावर असतात. मग माणसं बोलतात. आमच्या अमरावतीच्या बाररूममध्ये तर बोलायला खास विषय होता: रहस्यकथा आणि जादूच्या कादंबऱ्या. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. मोठी अपिलं नागपूरला जायची, पण कादंबऱ्यांचे निकाल आम्ही इथेच लावायचो.

पद्धत अशी. टपालाने व्ही.पी.तून नवं पुस्तक आलं की मधल्या सुट्टीत एकाने ते मोठ्याने वाचायचं. त्याआधी बापूसाहेब, म्हणजे आमचे सर्वांत ज्येष्ठ दिवाणी वकील, शेवटचं प्रकरण लाल फितीने बांधून वर लाखेचा शिक्का मारायचे. गुन्हेगार कोण ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून द्यायचं, मगच फीत सुटायची. फौजदारीवाले नानासाहेब कधी चुकत नसत. काझीसाहेब क्वचित चुकत. मी कायम चुकायचो.

मी खोलीतला सर्वांत नवा वकील. सनद मिळून दोन वर्षं झाली होती आणि स्वतःचा म्हणावा असा एकही पक्षकार नव्हता. वडील धामणगावला भिक्षुकी करत. तिथल्या शाळेत मास्तरची एक जागा त्यांनी शब्द टाकून माझ्यासाठी राखून ठेवली होती. ‘संक्रांतीपर्यंत वाट पाहतो, मग निघून ये,’ असं त्यांचं पत्र आलं होतं. मास्तरकीचं मला वावडं नव्हतं. पण काळा कोट शिवून झाला होता, आणि तो पेटीत घालून गावी परत जायची मला मनापासून लाज वाटत होती.

*

एका कादंबरीत माझा संशय जमीनदाराच्या मेहुण्यावर होता. चिठ्ठीची वेळ यायच्या आधीच मी उभा राहून पाच मिनिटं कारणं दिली. पुढच्याच प्रकरणात मेहुण्याचा खून झाला.

मग मी पुतण्यावर आलो. दुसऱ्या दिवशी पुतण्या विहिरीत सापडला.

नानासाहेबांनी पानाचा डबा बंद केला आणि शांतपणे म्हणाले, “तू आता कोणावर संशय घेऊ नको बाप्पा. माणसं मरून राहिली.”

*

काझीसाहेबांची मतं वेगळीच असायची. एका गोष्टीत बंद बंगल्यात तीन दिवस प्रेत पडलेलं असतं आणि कोणालाच पत्ता नसतो. काझीसाहेबांनी वाचन थांबवलं.

“हे मले पटत नाही. आमच्या मोहल्ल्यात कोणाची बकरी मेली तर घंट्याभरात पन्नास माणसं जमतात. त्यातले दहा तर बकरी मरताना पाहिली म्हणून सांगतात. इथं साबूत माणूस मेला, अन् शेजारी डोकावूनही पाहून नाही राहिला?”

आम्ही हसलो. ते मात्र गंभीरपणे चिठ्ठी लिहून मोकळे झाले: ‘शेजारी. त्याले पाहायची गरजच नव्हती.’

फीत सोडली तर खुनी शेजारीच निघाला.

*

जादूच्या कादंबऱ्या बापूसाहेबांना प्रिय, पण त्या ते दिवाणी दाव्यासारख्या ऐकायचे. एकीत जादूगारीण राजपुत्राचा पोपट करते, प्रधान गादीवर बसतो आणि तेरा वर्षांनी राजपुत्र पुन्हा माणूस होऊन राज्य परत मागतो. आम्ही सगळे खूश.

“दावा मुदतीबाहेरचा आहे,” बापूसाहेब म्हणाले. “बारा वर्षांवर प्रधानाचा उघड कब्जा आहे. कोणी हरकत घेतली?”

“अहो, पोपट हरकत कशी घेईल?” नानासाहेबांनी विचारलं.

“काहून? पोपट बोलते.”

मी धीर करून म्हणालो की अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलाविरुद्ध मुदत मोजत नाहीत, तशी पोपटाविरुद्धही मोजू नये. बापूसाहेबांनी माझ्याकडे पहिल्यांदाच वकिलाकडे पाहावं तसं पाहिलं. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कोट खुंटीला लावता लावता त्यांनी निकाल दिला:

“चूक राणीची आहे. पिंजरा आणला तेव्हाच पालक नेमायला पाहिजे होता.”

*

नानासाहेबांचा एकदा मात्र पुस्तकाने घात केला. त्या कादंबरीतला गुप्तहेर माणसाच्या कपड्यांवरून त्याचा सगळा दिनक्रम सांगायचा. नानासाहेबांना ते इतकं आवडलं की उलटतपासणीत त्यांनी साक्षीदाराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुझ्या सदऱ्याले कापूस लागला आहे. म्हणजे तू आज सकाळी धामणगावच्या जिनिंग कारखान्यातून निघाला अन् गाडीनं थेट इथं आला. खरं का नाही?”

साक्षीदार गोंधळून हात जोडून उभा राहिला.

“नाही सायेब. मी पिंजारी. तुमच्या घरामांगंच राह्यतो. सकाळी तुमच्याच गाद्या पिंजून आलो.”

मॅजिस्ट्रेटसाहेबांना खोकल्याची उबळ आली आणि कोर्ट दहा मिनिटं उठलं.

*

काझीसाहेबांनी एक कादंबरी अकोल्याच्या वकिलांना वाचायला धाडली. महिन्याभराने ती परत आली. आत एक कागद टाचलेला होता: ‘पुरावा वाचला. आरोपीचा कबुलीजबाब गुप्तहेराच्या धाकाने दिलेला असल्यामुळे ग्राह्य नाही. ग्रंथकर्त्याने पुढच्या आवृत्तीत त्यास सोडून द्यावे.’

मला अकोल्याचं म्हणणं मनातून पटलं होतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती. नानासाहेब संतापले होते. खुनी त्यांनी तिसऱ्याच प्रकरणात ओळखला होता. त्यांनी उलट टपाली कार्ड टाकलं:

‘अमरावतीस फाशी कायम.’

*

आणि आता संक्रांतीच्या आठवड्यातली गोष्ट. नव्या पुस्तकाची फीत नुकतीच सुटली होती आणि मी पुन्हा चुकलो होतो. या खेपेला तर मी एका आंधळ्या सासऱ्यावर आळ घेतला होता. खोलीभर हशा चालला असताना दारात एक माणूस आला. भातकुलीचा माळी, पुंडलिक नावाचा, भाजीपाला पिकवायचा. शेजाऱ्याची बैलजोडी गायब झाली होती आणि खटला याच्यावर झाला होता. वकील घेऊन ये, असं त्याला मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बजावलं होतं.

नानासाहेब सावरून बसले. पुंडलिकाने सगळ्यांना रामराम घातला, नानासाहेबांच्या टेबलाला वळसा घातला आणि आपले कागद माझ्यापुढे ठेवले.

“सायेब, माह्यं वकीलपत्र तुमी घ्या.”

नानासाहेबांना राहवलं नाही.

“अरे, हे अजून नवे आहेत. यांनी एकही खटला चालवला नाही. तू यांच्याकडे काहून जाऊन राहिला?”

“ठावं हाय सायेब,” पुंडलिक अदबीने म्हणाला. “चार तारखा झाल्या, मी या खिडकीखाली बसून तुमची पुस्तकं आयकून राहिलो. तुमी सारे लय हुशार. गुन्हेगार कसाबी लपला तरी तुमी त्याले बराबर हुडकून काढता.”

मग त्याने मोठ्या विश्वासाने माझ्याकडे बोट केलं.

“या सायबाले आजपर्यंत एकबी सापडला नाही.”