वरच्या हॉलमधली काच

मामा मला शेवटचे दिसले ते शिडीवर. हैदराबादेत, काचीगुड्यातल्या त्यांच्या मराठी हायस्कूलच्या वरच्या हॉलमध्ये, भिंतीतल्या भेगेवर ते काचेची एक चिंचोळी पट्टी प्लास्टरने आडवी बसवत होते. "भिंत हलली की आधी काच तडकते," म्हणाले. "माणसांना नंतर कळतं." पुढच्याच आठवड्यात ऑफिसमध्ये आईचा फोन आला. मामा झोपेतच गेले होते...

मामा तिथे चित्रकला शिकवत. निवृत्तीनंतरही रोज जात. मी इंग्रजी शाळेतली, मराठी अडखळत वाचणारी. पण ती इमारत मामांनी मला तोंडपाठ करून दिली होती. दगडचुन्याच्या जाड भिंती, कमानींचा व्हरांडा, सागवानी तुळया, छताजवळचे गोल झरोके. खालचा मजला निजामाच्या काळातला, एका मजल्याच्याच हिशेबाने बांधलेला. मुलं वाढली तेव्हा त्याच्यावर हॉल चढवला. तिथे वर्ग भरू नयेत म्हणून मामा प्रत्येक हेडमास्तरांशी भांडले आणि शेवटी तो रिकामा ठेवायला लावला. वॉचमन खदीरभाई चिडवायचे, "क्या मास्टरसाब, दीवार का बुखार उतरा क्या?"

"उतरता कहाँ, भाई. पट्टी लगाके बैठा हूँ."

दोघं हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण हसतानाही मामा भिंतीवरचा हात काढत नसत.

शाळेने शोकसभा ठेवली. माणसं खूप येणार म्हणून... वरच्या हॉलमध्ये.

जिना मी भिंतीला हात लावत चढले. अंबरपेठ, अफझलगंज, कुठून कुठून जुने विद्यार्थी आले होते, मुलाबाळांसह. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतींना टेकून उभी राहिली. मामांच्या फोटोशेजारीच ती पट्टी होती. तिच्या मधोमध एक उभी रेघ दिसली. हाराच्या दोऱ्याची सावली असेल, असं वाटलं. मग पंख्याच्या वाऱ्याने हार हलला. रेघ हलली नाही.

"आता सरांची भाची दोन शब्द बोलेल," हेडबाई म्हणाल्या. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. माइकसमोर उभी राहिले.

"काच फुटलीय."

"जोरात बोल, बेटा," मागून कुणीतरी म्हणालं.

"काच फुटलीय. मामांनी तुम्हाला इथे येऊच दिलं नसतं. सगळे खाली चला. प्लीज, हळू."

"रडून रडून डोकं फिरलंय बिचारीचं," पुढच्या रांगेतून ऐकू आलं. कुणी उठेना. तेवढ्यात खदीरभाईंनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. "मास्टरसाब का हुकुम है. चलो, धीरे धीरे." मग खुर्च्या सरकल्या. जिन्यावर पावलं वाजत राहिली आणि मी तुळयांकडे बघत राहिले. उरलेली सभा अंगणात झाली.

हॉल अजून उभा आहे. इंजिनिअर यायचे आहेत. तोवर हेडबाईंनी त्याच्याखालचे वर्ग व्हरांड्याच्या पलीकडे हलवलेत. परवा खदीरभाईंनी कुलूप काढून दिलं. मामांची शिडी तिथेच होती. मी चढले आणि नवी पट्टी बसवली. प्लास्टर धरेपर्यंत ती दाबून धरावी लागते. तळव्याखाली बारीक धडधड जाणवत होती. ती माझ्याच हाताची असणार... पण हात काढायची हिंमत होईना.