टपिनची मैत्रीण

इदालिया कोलोनला कुठे काम करता असं विचारलं, तर ती पार्कचं नाव सांगते. तिथे काय करता असं विचारलं, तर म्हणते, "मी टपिनची मैत्रीण आहे." यापुढे एक अक्षर नाही. गाडीच्या परवान्याच्या कचेरीत खिडकीमागच्या बाईने एकदा नेट लावला होता.

"मैत्रीण म्हणजे? त्या पोशाखाच्या आत तुम्हीच असता ना?"

"मैत्रीण," इदालिया म्हणाली आणि डोळ्यांनीच मागे खूण केली. मागे रांगेत दोन लहान मुलं आईचा हात धरून कान टवकारून उभी होती.

त्या कामाचा हा नियमच आहे. फ्लोरिडातल्या आमच्या किसिमीत अर्धी गल्ली करमणुकीच्या पार्कांमध्ये कामाला जाते. कुणी अस्वलाचा मित्र, कुणी राजकन्येची मैत्रीण. अस्वलाचा मित्र सुट्टीच्या दिवशी बनियनवर गाडी धुताना दिसतो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण "मीच तो" असं कुणी म्हणत नाही, बायकोलासुद्धा नाही. इदालिया तर या बाबतीत फारच कडक. माझ्या मुलीची, नोएलियाची, ती धर्ममाता. म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो आणि नोएलिया तिला माद्रीना. इतकं जवळचं नातं असूनही टपिनविषयी ती माझ्याशी बोलते ते शेजारच्या गृहस्थाविषयी बोलावं तसं. "आज त्याला फार उकडलं गं." "आज त्याच्या मिशीला कुणाचं तरी आइस्क्रीम लागलं."

टपिन हे एक पाणमांजर. पिवळं जाकीट, खांद्याला टपालाची पिशवी, सुटलेलं पोट. जुन्या कार्टूनांमध्ये तो नदीकाठच्या प्राण्यांना पत्रं वाटतो आणि नेहमी चुकीच्या घरी देतो. कुणी भेटलं की दोन्ही पंजांनी स्वतःचे कान झाकतो आणि पोट गदगदा हलवतो. हा त्याचा नमस्कार.

इदालिया मूळची हायुयाची, पोर्तो रिकोच्या डोंगरातली. तिची उंची लहानपणीच वाढायची थांबली. शाळेत रांगेत कायम पहिली. चर्चच्या मिरवणुकीत देवदूताचा झगा तिला कॉलेजात जाईपर्यंत बसत होता, त्यामुळे दरवर्षी तिलाच पंख लावून पुढे काढायचे. "माझ्याबरोबरच्या पोरींची लग्नं झाली, आणि मी आपली पंख लावून मेणबत्ती धरून उभी," ती सांगते. इथे मावशीकडे आली तेव्हा पार्कात भांडी घासायचं काम मागायला गेली होती. तिथे मोजपट्टी घेतलेल्या एका बाईने तिला भिंतीला उभं केलं, आकडा पाहिला आणि तिला मिठीच मारायची बाकी ठेवली. त्या कामात सगळं उंचीवर ठरतं. एवढ्या उंचीचं, पण एवढं मोठं डोकं फ्लोरिडाच्या उन्हात पेलणारं मोठं माणूस शोधून सापडत नाही.

"जन्मात पहिल्यांदा माझी उंची बरोबर निघाली, कोमाद्रे," हे तिचं आवडतं वाक्य.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता तिचे गुडघे बोलतात, केस पांढरे झालेत, पण टपिनचं वय काही वाढलेलं नाही. त्या पार्कात तिच्या मापाचं दुसरं काहीच नाही. बाकीची पात्रं एक तर उंच, नाही तर उघड्या चेहऱ्याची, विशीतल्या मुलामुलींसाठी. म्हणजे टपिन आहे तर इदालिया आहे. तो गेला तर हायुयाला भावाच्या घरी परत. भावाने तर मागची खोली रंगवूनही ठेवली होती. मी दातांच्या दवाखान्यात उशिरापर्यंत कामाला असते तेव्हा नोएलिया तिच्याकडेच जेवते, तिच्याकडेच अभ्यास करते. त्यामुळे गेल्या वसंतात आलेली ती बातमी जितकी तिची, तितकीच माझीही होती.

बातमी अशी. टपिन ज्या छोट्या कार्टून कंपनीचा, तिला आधी एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं होतं. आता ती मोठी कंपनी आणखी मोठ्या कंपनीत विलीन झाली. आणि ही आणखी मोठी कंपनी म्हणजे महामार्गापलीकडच्या पार्कची मालकीण. आमच्या पार्कची जन्माची वैरीण. एका सकाळी उठून पाहावं तर टपिनचे मालक पलीकडे आणि टपिन अलीकडे.

"आता त्याला उचलून नेतील," मी म्हणाले.

"नेता येत नाही," इदालिया म्हणाली. मॅनेजर ब्रेंडाने सगळ्यांना बसवून समजावलं होतं. फार पूर्वी आमच्या पार्कने जुन्या कंपनीशी करार केला होता. पार्क चालू आहे तोवर देशाच्या या अर्ध्या भागात टपिनला हिंडवायचा हक्क फक्त आमच्या पार्कचा. मालक बदलला तरी करार तोच. घर विकलं जावं, नवा मालक किल्ल्या घेऊन ऐटीत यावा, आणि आत आजन्म कराराचा भाडेकरू पाय पसरून कॉफी पीत बसलेला असावा, तसं झालं. एवढे पैसे मोजून टपिन विकत घेतला, पण त्याला स्वतःच्याच पार्कात पाऊल टाकू देता येईना. पलीकडे मुलं विचारत, टपिन कुठाय? तिथली माणसं म्हणत, टपाल वाटायला परगावी गेलाय. इकडे आमच्या दुकानात टपिनची बाहुली विकली गेली की त्यातला वाटा मात्र पलीकडे जायचा.

यावर टपिनचा सोबती वेंडेल खो खो हसला. वेंडेल ओक्स हा निवृत्त पोस्टमन. टपिनला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या शेजारी उभं राहून त्याच्या वतीने बोलायचं, रांग सांभाळायची आणि उन्हात फार वेळ झाला की "टपिनची टपालाची वेळ झाली" म्हणून त्याला आत न्यायचं, हे त्याचं काम. "मिस इदालिया," तो म्हणाला, "मी उभा जन्म खरं टपाल वाटलं, पण माझ्यासाठी दोन कंपन्या भांडल्या नाहीत हो."

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. करारात एक अट होती. टपिन करार झाला तेव्हा जसा होता तसाच ठेवायचा. तेच जाकीट, तीच चाल, तोच नमस्कार. तो गबाळा झाला किंवा बदलला, तर हक्क संपला. पूर्वी जुन्या कंपनीचा एक म्हातारा वर्षातून एकदा तपासणीला यायचा, टपिनशी फोटो काढायचा, लिंबू सरबत प्यायचा आणि जायचा. आता तपासायला पलीकडची माणसं येणार होती. तिकीट काढून, साध्या कपड्यांत, न सांगता. आणि चूक सापडली तर त्यांना हवीच होती.

त्यातच त्यांनी टपिनचा नवा चित्रपट काढला. त्यात तो जरा बारीक झाला आणि नमस्कार बदलला. कान झाकणं गेलं. आता तो नाकावर टिचकी मारतो आणि एका पायावर गिरकी घेतो. सगळ्या शाळा गिरक्या घेऊ लागल्या. नोएलिया स्वयंपाकघरात गिरकी घेताना दोनदा फ्रिजवर आदळली. ब्रेंडाने बजावलं, नवं काहीही करायचं नाही. एक गिरकी घेतली की टपिन गेला समजा.

आता पोशाखाच्या आतल्या माणसाने मुलांना नाही कसं म्हणायचं? बोलता येत नाही, आणि नुसती मान हलवली तर पोर रडतं. रोज पोरं येत, "गिरकी! गिरकी!" म्हणत. वेंडेल म्हणे, "टपिनचा पाय मुरगळलाय." पण पाय किती दिवस मुरगळलेला ठेवणार?

आणि मग आला नोएलियाचा सातवा वाढदिवस.

"माद्रीना," तिने आठवडाभर आधीच इदालियाला पकडलं, "तू टपिनची मैत्रीण आहेस ना? मग त्याला सांग, शनिवारी मी येणार आहे. तोवर नवा नमस्कार शिकून ठेव म्हणावं."

"सांगते हं. पण तो जरा ढ आहे."

"मग रोज सराव करायला सांग."

मुलगी खोलीत गेल्यावर मी म्हणाले, "कोमाद्रे, यंदा पार्क नको. मी तिला समुद्रावर नेते."

"का?"

"का काय? ती रांगेत हट्ट धरून बसेल, सगळ्यांसमोर रडेल, तुला राहवणार नाही, आणि शेजारी नेमका तो तपासनीस उभा असेल."

"तू ना, पाऊस पडायच्या आधी छत्री वाळत घालतेस," इदालिया म्हणाली. "ये घेऊन तिला. तिचं आणि त्याचं काय ते ते दोघं बघून घेतील." पण कपात तिने दुसऱ्यांदा साखर घातली, ते मी पाहिलं.

शनिवारी रांगेत मी टपिनकडे पाहतच नव्हते. माणसांकडे पाहत होते. चकचकीत बूट घातलेला एक जण एकटाच उभा होता. हाच. पुढे दोन बायका, बरोबर मूल नाही. ह्या असतील. एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन उगाच छतावरच्या दिव्यांचा फोटो काढत होते. दिव्यांचा फोटो कोण काढतं?

आमचा नंबर आला. टपिनने कान झाकले, पोट हलवलं. नोएलिया हाताची घडी घालून उभी.

"हा जुना," ती म्हणाली. "निरोप मिळाला नाही का तुला? नवा कर."

वेंडेल पुढे झाला. "बाळ, टपिनचा पाय..."

"त्याच्या पायाला काहीसुद्धा झालेलं नाही. मघाशी तो पळाला, मी बघितलं."

मागची माणसं हसली. चकचकीत बूटवाला दोन पावलं पुढे सरकला. नोएलियाचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. मी ओळखते तो ओठ. मी तिचा दंड धरला, आणि तेवढ्यात टपिन खाली बसला. भलंमोठं डोकं एका बाजूला कलवून त्याने नोएलियाकडे बोट केलं, मग स्वतःच्या डोळ्यांकडे. तू करून दाखव. मी बघतो.

नोएलियाने डोळे पुसले, नाकावर टिचकी मारली आणि गिरकी घेतली. टपिनने आश्चर्याने तोंडावर पंजा धरला. पुन्हा! तिने पुन्हा करून दाखवलं. मग तो गंभीरपणे उठला, जाकीट सारखं केलं, पिशवी मागे सारली. त्याने पंजा उचलला, नाकाच्या दिशेने आणला, आणि पंजा नाकाला न लागता सरळ कानावर गेला. दुसराही गेला. पोट गदगदा हललं.

रांग खदखदून हसली. टपिनने ओशाळून मान खाली घातली.

"असं नाही रे!" नोएलिया ओरडली. "नाक! नाक कुठाय तुझं?"

त्याने नाक शोधलं. पंजा पुन्हा निघाला, पुन्हा कानावर. तिसऱ्यांदा त्याने एका पंजाने दुसरा पंजा धरून ठेवायचा प्रयत्न केला, तरीही दोन्ही कानांवरच गेले. तोवर नोएलियाचा हट्ट कुठल्या कुठे गेला होता. ती त्याला धीर देत होती. "राहू दे. पहिल्यांदा मलापण आलं नव्हतं. मी फ्रिजवर पडले होते." आणि तिने त्याच्या पोटाला मिठी मारली.

मागचा मुलगा पुढे येऊन ओरडला, "आता मी शिकवतो त्याला!" त्या दिवसानंतर मुरगळलेल्या पायाचं नाव कुणी काढलं नाही.

तपासनीस कोण होता ते आम्हाला कधीच कळलं नाही. बूटवाला तर निघाला मुलीची वाट पाहत थांबलेला एक बाप. पण कुणीतरी येऊन गेलं होतं, कारण आज दुपारी अहवाल आला. संध्याकाळी इदालिया दारात आली ती केसितोंचा पुडा घेऊन. चीज भरलेली ती गोड पेस्ट्री ती गुडघ्यांसाठी बंद केली म्हणते, आणि आनंदाच्या दिवशी चार खाते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"जाकिटाचं तिसरं बटण फिकं पडलंय, महिन्याभरात बदला."

"आणि?"

"आणि नमस्काराबद्दल ब्रेंडाने मोठ्यानं वाचून दाखवलं. 'पात्र नवा नमस्कार करण्याचा प्रयत्न करते. जमत नाही. जुना बिनचूक.'" ती एवढी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मीही हसले, आणि मग मला रडूच आलं. तिने माझ्या हातात केसितो कोंबला. "खा गं, खा. बटणाचीच काय ती काळजी उरली. तुला हवी तर तू कर."

"आणि तुझा भाऊ?"

"फोन केला त्याला. म्हटलं, त्या रंगवलेल्या खोलीत कोंबड्या ठेव."

आमचा आवाज ऐकून नोएलिया बाहेर आली. पुड्यातून केसितो उचलत तिने विचारलं, "माद्रीना, टपिन शिकला का गं?"

इदालियाने सवयीप्रमाणे जरा विचार केल्यासारखं केलं. "नाही अजून."

"मग येत्या शनिवारी मी पुन्हा जाऊन शिकवते."

"शिकव की," इदालिया म्हणाली. "पण त्याला जमायचं नाही. मी ओळखते त्याला."