भुईवरून परत खाटेवर

मंजुळाबाईंना भुईवर घेतलं त्या सकाळी मी बेबीमावशींच्या ओट्यावर चहा पीत होतो. शेजारच्या घरातून रडणं ऐकू आलं. मावशींनी कप खाली ठेवला.

"गेल्या का?" मी विचारलं.

"बघू तरी. हात दे मला."

मावशींना कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. दोन्ही गुडघे गेलेत, डावा हात कापतो. वय सत्तरीच्या पुढं. गोरेगावात ख्रिस्ती माणसाचं हे एकच घर. मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून त्यांचा जन्म गेला. नवरा वारल्यावर त्या त्याच्या गावी येऊन राहिल्या. मुलगी दूर, नगरकडं दिलेली. रविवारी त्या जीपनं हिंगोलीला प्रार्थनेला जातात. मी मराठीत एम. ए. करून गावातच शिकवण्या घेतो. त्यांना मोतीबिंदू आहे म्हणून संध्याकाळी त्यांच्या प्रार्थना मी वाचून दाखवतो. "बौद्धाचं पोरगं ख्रिस्ती म्हातारीला प्रार्थना वाचून दाखवतंय," त्या म्हणतात, "वरचा हसत असंल बघ, धम्मानंद."

शेजारी गेलो. मधल्या खोलीत ताजं शेण सारवलेलं होतं. त्यावर घोंगडी आणि घोंगडीवर मंजुळाबाई. ओठांवर तुळशीचं पान. माणूस जायला लागलं की त्यांच्याकडं त्याला खाटेवर ठेवत नाहीत. जीव अधांतरी अडकतो म्हणतात. पहाटे त्यांचे डोळे फिरले, श्वास थांबल्यासारखा झाला, म्हणून मुलानं, उकंडरावांनी, आईला उचलून खाली ठेवलं होतं. पाहुण्यांना फोन गेले होते.

पाहुणे आले. मंजुळाबाई गेल्या नाहीत.

दुपारी त्यांचा श्वास सरळ झाला. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडून सुनेकडं, शिलाताईंकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. दारात चपलांचा ढीग. भुईवर कसं घ्यायचं ते सगळ्यांना माहीत होतं. घेतलेलं माणूस परत वर कसं ठेवायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

पौषातली थंडी होती. भुईतून गारवा वर येत होता. तुळशीच्या पाण्यापलीकडं त्यांच्या तोंडात काही जात नव्हतं.

"उकंडराव, आईला वर घ्या," तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी म्हणाल्या. "गारठ्यानं जातील."

उकंडराव साठीचे. कपाळाला हात लावून बसले होते. त्यांनी आत्यांकडं पाहिलं. या आत्या म्हणजे मंजुळाबाईंची नणंद, घरातलं सगळ्यात मोठं माणूस.

"भुईवर घेतलेलं वर घेतलं तर घरातलं दुसरं माणूस मागतंय," आत्या म्हणाल्या. "खाट गोठ्यात टाकलीय. ती परत घरात येणार न्हाई."

"माझी आई हाय ती, आत्या."

"माझी भावजय हाय. मला काय हौस हाय का?"

आत्यांचे डोळे सुजलेले होते. त्या दोन्ही रात्री घोंगडीजवळ बसून होत्या.

मावशी बाहेर पडल्या. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या खाटेवरची गादी काढली. "धर तिकडून," मला म्हणाल्या. नवारीची लोखंडी खाट आम्ही बोळातून नेली. त्या दर चार पावलांना थांबत होत्या.

"ही तुमच्या घरातली खाट न्हाई," दारात उभ्या राहून त्या आत्यांना म्हणाल्या. "हिच्यावरून कुणाला खाली घेतलेलं न्हाई. मग हिच्यावर वर घ्यायला काय हरकत?"

आत्यांनी खाटेची नवार हातानं दाबून पाहिली.

"बेबे," शेवटी म्हणाल्या, "दवाखान्यात हेच शिकवलं का तुला?"

उकंडरावांनी आईला उचललं. एखादं लेकरू उचलावं इतक्या त्या हलक्या झाल्या होत्या.

खरी काळजी त्यानंतर सुरू झाली. आधीच सेनगावच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की यांना नीट गिळता येत नाही, घास श्वासात गेला तर जीव जाईल. नाकातून नळी घालायची तर हिंगोलीला न्या. मंजुळाबाईंनी तेव्हा नळीचं नाव ऐकून हात झटकला होता. म्हणजे चमचाच. आणि चमचा धरायला घरात कुणी धजत नव्हतं.

मावशींनी धरला. ज्वारीची पातळ पेज, जेमतेम ओठ ओले होतील एवढी.

"मंजुळाबाई, घेता का?"

त्या तोंड उघडायच्या. मावशी उजव्या हातात चमचा धरायच्या आणि कापणारा डावा हात मांडीखाली दाबून ठेवायच्या. मग गळ्याकडं बघत बसायच्या. गळा हलला की पुढचा चमचा. मीही गळ्याकडं बघायचो. शिलाताई दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या असायच्या. वाटीभर पेजेला अर्धी सकाळ जायची.

गावात बोलणं सुरू झालं. पानटपरीवर मुन्नानं मला थांबवलं. तो वाईट नाही, पण त्याच्या तोंडात सगळ्या गावाचं बोलणं असतं.

"तुझी मावशी म्हातारीला शेवटच्या घडीला बाटवून राहिली म्हणतात."

"पेज पाजून राहिली ती."

"पेज पाजताना ओठ हलतात तिचे. पाहिलंय लोकांनी. अन् म्हातारी तिच्या हातात गेली तर? मग काय सांगशील?"

संध्याकाळी मी मावशींना म्हणालो, थोडे दिवस लांब राहा.

"मला भीती वाटत न्हाई असं समजू नको," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं त्यांचा जीव गेला तर हे गाव मला राहू देईल का? अन् मी स्वतः झोपंन का?"

"मग काहून जाता?"

"श्वास काय मंजुळाबाईंचा न्हाई, माझा बी न्हाई. ज्यानं फुंकला त्यो काढून घेईल. त्यानं काढेपर्यंत ते माणूस पुरं माणूस हाय. अर्धं न्हाई, पाव न्हाई. भूक लागली तर खाऊ घालायचं. जीव ओढून धरायचा न्हाई अन् ढकलायचा बी न्हाई. मला एवढंच शिकवलंय. एवढंच जड जातंय."

मंगळवारी दुपारी ते झालं. मंजुळाबाईंना त्या दिवशी जास्त हुशारी वाटत होती. पाच-सहा चमचे सहज गेले. मावशींच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. सातवा चमचा त्यांनी गळा हलायच्या आधीच दिला.

मंजुळाबाईंना ठसका लागला. मग ठसकाही थांबला. तोंड निळं पडलं. शिलाताई भिंतीला टेकल्या. मावशींनी मंजुळाबाईंना कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून पेज काढली, पाठीवर थापा दिल्या. उकंडराव शेतातून आले आणि तसेच दारात थबकले. त्यांच्या हातात तुरीच्या शेंगा होत्या.

श्वास परत आला. घरघरत, पण आला.

कुणी आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं झालं असतं.

"बेबीबाई," उकंडराव म्हणाले, "बस झालं आता."

मावशींनी चमचा वाटीत ठेवला. "व्हय," म्हणाल्या. "घाई माझी झाली. त्या मागत नव्हत्या, मीच भरवून राहिले होते."

दुसऱ्या दिवशी मावशी तिकडं गेल्या नाहीत. दारात बसून राहिल्या. चहा गार झाला. बोळातून कुणी गेलं की मान खाली घालायच्या. मी वाचायला बसलो तर म्हणाल्या, आज नको.

दुपारी शिलाताई आल्या. "मावशी, त्या तोंड फिरवून राहिल्या. माझ्या हातानं घेईनात, ह्यांच्या हातानं बी घेईनात. चला."

"उकंडराव काय म्हणतात?"

"त्यांनीच धाडलं."

मी मावशींना हात दिला. आत सगळे होते. मावशी खाटेशी वाकल्या. "मंजुळाबाई, घेता का?"

मंजुळाबाईंनी ओठ मिटले. डोळे मात्र उघडे, स्वच्छ. मावशींनी पुन्हा विचारलं. त्यांनी हळूच मान हलवली. मग हात खाटेबाहेर काढून भुईकडं केला.

"खाली," त्या म्हणाल्या. आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

सगळे मावशींकडं पाहू लागले. खाट आणणाऱ्या त्याच होत्या. आता त्या नाही म्हणतील आणि पुन्हा चमचा उचलतील, असं मला वाटलं.

मावशींनी वाटी बाजूला सारली. "उकंडराव, घ्या आता त्यांना. त्या सांगून राहिल्या."

"तवा तर भांडलीस," आत्या म्हणाल्या.

"तवा त्यांनी मागितलं नव्हतं, आत्याबाई. तवा त्यांना भूक होती."

शिलाताईंनी जागा सारवली. यावेळी खाली जाड गोधडी अंथरली. उकंडरावांनी आईला उचलून ठेवलं. तुळशीचं पान आत्यांनी ठेवलं. मग मावशीही खाली बसल्या. त्या गुडघ्यांनी भुईवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओल्या फडक्यानं त्या मंजुळाबाईंचे ओठ पुसत राहिल्या. त्यांचे स्वतःचे ओठ हलत होते.

आत्यांनी ते पाहिलं. "काय करायचं ते मनातल्या मनात कर," म्हणाल्या.

"मनातच करून राहिले."

आत्या थोड्या सरकल्या. मावशींना पाठ टेकायला भिंत मिळाली.

ओट्यावरचं ऊन उतरलं तेव्हा मंजुळाबाई गेल्या. एक हात आत्यांच्या हातात होता, एक मावशींच्या.

गेलेल्या माणसाची खाट आमच्याकडं कुणी वापरत नाही. दिवसकार्य झाल्यावर उकंडराव मावशींकडं आले, म्हणाले, नवी घेऊन देतो, ती ओढ्याला टाकून देतो.

"काहून? एवढी चांगली खाट."

मी आणि उकंडरावांनी ती परत आणली. मावशींनी नवार गरम पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली, आम्हाला ताणून बांधायला लावली. मग आमच्यासमोर तिच्यावर आडव्या झाल्या. उकंडराव बघत राहिले. मीही.

त्या आठवड्यात मावशींना ताप आला. उठवेना. सकाळी मी गेलो तर शिलाताई आधीच खाटेशी बसलेल्या. मावशींच्या हातातला कप थरथरत होता, म्हणून त्यांनी तो काढून घेतला होता आणि चमच्यानं चहा पाजत होत्या.

"एवढी काय मी मेलेली न्हाई," मावशी म्हणाल्या.

"गप ऱ्हावा. बोलताना ठसका लागंल."

मावशींनी तोंड उघडलं. शिलाताईंनी चमचा दिला आणि तो तसाच हवेत धरून गळ्याकडं बघत राहिल्या. मी दारातच थांबलो. मीही तिकडंच बघत होतो.