कुंकू लागलेला पाना

ही हकिगत मी आजवर कुणालाही पुरती सांगितलेली नाही. नवरात्रात देवीच्या अनुभवांविषयी बोलणं निघालं की मंडळी माझ्याकडे बघत, आणि मी टेकडीवरच्या थांबलेल्या चाकाची गोष्ट सांगून गप्प बसे. लोक हात जोडत. ते हात जोडलेले पाहून मला आतून लाज वाटे, कारण ट्रक थांबला कसा एवढंच मी सांगत होतो. तो सुटला कशामुळे, हे सांगायचं धाडस मला कधी झालं नाही. आता ऐंशी उलटली आहे. देवीपुढे बसलो की हीच गोष्ट आधी आठवते, म्हणून लिहितो आहे.

मी झाशीजवळ बिजौलीत एका ठेकेदाराच्या कारखान्यात फिटर होतो. आमचे पूर्वज महाराष्ट्रातून झाशीला आले ते देवळातल्या पूजेसाठी. घराण्यात हाताला काळं ग्रीस लागलेला मी पहिलाच. तरी कारखान्यात सगळे मला पंडितजीच म्हणत. ठेकेदाराने धरणाच्या कामावरचा एक जुना परदेशी ट्रक लिलावात घेतला होता. त्याला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलत. त्याच्या गिअरपेटीतून लाल तेल गळायचं. अशा गाडीत त्या तेलाच्या दाबावरच इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचते. तेल गेलं की इंजिन नुसतं ओरडत राहतं आणि चाकं मोकळी होतात. दोन मिस्त्रींनी पेटीखालच्या झाकणाचं पॅकिंग बदलून पाहिलं, गळती थांबली नाही. मी पेटी रॉकेलने धुऊन कोरडी केली, तिच्यावर घरून आणलेली रांगोळी भुरभुरवली, आणि इंजिन चालू ठेवून खाली पडून राहिलो. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली ती झाकणापासून हातभर दूर. तेल थंड व्हायला एका नळीतून रेडिएटरकडे जातं, त्या नळीच्या जोडावर. सगळा कारखाना वाकून बघायला आला. माझी छाती फुगली, आणि पुढचं सारं त्या फुगलेल्या छातीमुळेच घडलं असं मला वाटतं.

अष्टमीच्या संध्याकाळी मी नळीचं चिरलेलं तोंड कापून नवं केलं आणि नट हाताने फिरवून ठेवला. पान्याचा शेवटचा आवळ सकाळी उजेडात देऊ म्हटलं, आणि सवयीने सगळे पाने धुवायला घरी घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरी त्या दिवशी हत्यारं देवीपुढे मांडतात आणि दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावत नाहीत. कारखान्यातले बाकीचे पूजा दसऱ्याला करत. ते मला चिडवत, "पंडितजी के पाने आज उपवास पर हैं।"

नवमीला सकाळी पूजा आटोपून मी रिकाम्या हाताने कारखान्यात गेलो, तर ड्रायव्हर हरप्रसाद ट्रकला झेंडूची माळ बांधत होता. ठेकेदाराने ट्रक आमच्या वस्तीतल्या लोकांना देवीच्या टेकडीवर न्यायला दिला होता. मला नट आठवला. शेजारच्या मिस्त्रीचा पाना समोर पडला होता. मी तो उचलला असता तर माझा नेम मोडला असता. मिस्त्रीला नट आवळायला सांगितलं असतं तर पंडितजींचं काम अर्धवट होतं हे साऱ्यांना कळलं असतं. मी खाली सरकून नट बोटांनी जमेल तेवढा पिळला आणि पुन्हा रांगोळी भुरभुरवून पाच मिनिटं इंजिन चालवलं. रांगोळी पांढरीच राहिली. गार तेल, उभी गाडी. तेवढ्यात काय कळणार?

"ले जाएँ, पंडितजी? औरतें-बच्चे बैठेंगे, देख लो।"

"ले जाओ भैया। देवी का नाम लो।"

देवीचं नाव मी माझी चूक झाकायला घेतलं.

लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या घरी परतलो तेव्हा सुमीच्या चपला दारात नव्हत्या. सुमी आमची एकुलती एक, नऊ वर्षांची. बायको नैवेद्याचं ताट वाढत होती. म्हणाली, "हरप्रसादच्या बायकोबरोबर गेली टेकडीवर. एरवी नसती पाठवली हो. तुम्ही दुरुस्त केलेली गाडी, म्हणून हो म्हटलं."

देवीपुढे माझे पाने कुंकू लावून, फुलांखाली ओळीने मांडलेले होते. त्यांतला हवा तो मी उचलला. बायको ओरडली, "अहो, हे काय करताय? उठवू नका!" तिच्याकडे न बघता मी तेलाचा डबा सायकलला अडकवला आणि निघालो.

टेकडी आठ-दहा मैलांवर. वस्तीबाहेर पडलो आणि रस्त्यावर पहिला लाल थेंब दिसला. पुढचा बराच लांब होता. मग ते जवळजवळ येऊ लागले. ट्रक वाटेतल्या गावांतून आणखी माणसं भरत, थांबत जात होता, आणि प्रत्येक थांब्याच्या जागी लाल डबकं होतं. मी देवीचं नाव घेऊ पाहत होतो, पण ते नाव मी सकाळीच कशासाठी वापरलं होतं हे तिला ठाऊक होतं. देवावर विश्वास असलेल्या माणसाला अशी भीती वाटते हे मला तोवर माहीत नव्हतं. ती नुसती मुलीच्या जिवाची भीती नव्हती. देवी आता हिशेब मागते आहे, आणि तो माझ्याकडून न घेता सुमीकडून घेणार, अशी ती भीती होती.

टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा ट्रक चढणीच्या मध्यावर होता. बायका देवीची गाणी म्हणत होत्या. इंजिनाचा आवाज एकदम चढला आणि ट्रक जागीच उभा राहिला. मग मागे सरकू लागला. गाणं तुटलं. ब्रेक किंचाळत होते, पण एवढ्या माणसांच्या ओझ्याने ते धरत नव्हते. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खोल नाला. मी सायकल टाकली आणि रस्त्यातच गुडघ्यांवर बसलो. नवस सुचला नाही, मंत्र सुचला नाही. "आई, तू बघ, माझ्या हातात काही नाही," एवढंच तोंडून निघालं. आणि हातात तर पाना होता.

रस्त्याच्या कडेला एक बाई दगडी पाटे विकायला निघाली होती. तिने डोक्यावरचा पाटा मागच्या चाकाखाली टाकला. तो फुटला. तिने दुसरा लावला, आणि स्वतः बाजूला झाली नाही, पायाने तो दाबून उभी राहिली. चाक त्याच्यावर अर्धं चढलं आणि थांबलं.

मी धापा टाकत वर पोचलो तेव्हा ती फुटलेले तुकडे गोळा करत होती. मला म्हणाली, "काय भैया, इत्ते जनें काय भर लए? गाड़ी आय कै कोठा?" गाडीत एवढी माणसं का कोंबली, असं ती विचारत होती. मी तिच्या पाया पडायला वाकलो, तर ती हसून मागे सरली आणि मोळी उचलावी तसं गाठोडं उचलून खाली चालू लागली. ती कोण होती याचा तर्क मी कधी केला नाही. माझ्या हातातून जे सुटलं ते तिने धरलं, एवढं मला पुरे आहे.

सुमी मला येऊन बिलगली. मी ट्रकखाली शिरलो. नट दीड आटा मोकळा होता. पान्याने आवळला, तेल भरलं. तेवढ्यात जीपमधून ठेकेदार आला. "क्या हुआ था, पंडितजी?"

मी म्हणालो, "पाइप पे पत्थर लगा है। खराब रास्ते पे तेज चलाई होगी।"

हरप्रसाद माझ्याशेजारीच वाकून बघत होता. पान्याचं कुंकू नटावर उतरलं होतं. दगड लागल्याची खूण कुठेच नव्हती. त्याने नटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ होऊन बाजूला झाला. त्याच आठवड्यात त्याची नोकरी गेली.

त्या दिवसापासून मी देवीकडे काही मागितलेलं नाही. सुमी सुखात आहे, नातवंडं आहेत. हे सारं मला अपराध असून मिळालं आहे. नेम पाळणं म्हणजे शरण जाणं, असं मी तोवर समजत होतो. शरण जायचं असतं तर त्या सकाळी चारचौघांत "काम अपुरं आहे" म्हणायला हवं होतं. तेवढंच देवीने मागितलं होतं.

बऱ्याच वर्षांनी मी झाशीतल्या प्रेम नगरला हरप्रसादच्या घरी गेलो. तो खाटेवर पडून होता. मला पाहून उठून बसला, सुनेला चहा टाकायला सांगितलं. म्हणाला, "बहू, पैर छुओ। ये वही पंडितजी हैं। पूजा से पाना उठाकर दौड़े आए थे हमारे लिए।" त्याची नजर माझ्यावरून हलली नाही. मी चहा प्यालो, सुनेला आशीर्वाद दिला आणि उठलो. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा तो गेला होता, त्याचे दिवसही झाले होते.

दोन्ही खेपांना जाताना सायकलवर सारी वाट मी एकच वाक्य घोकत गेलो होतो. ते असं होतं: हरप्रसाद भैया, वह नट मैंने कसा ही नहीं था, मुझे माफ करना।